नारळाचं पहिलं दूध

७ ऑक्टोबर, पार्सिपनी

आज आमच्या फॅमिली रूमचं हॉस्पिटल झालं. सोफा गराजमध्ये गेला, टीव्हीसमोर बटणावर वर-खाली होणारा पलंग आला आणि त्या पलंगावर माझे सासरे आले. डॉ. श्रीराम पाध्ये, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. ऑगस्टमध्ये स्ट्रोक, मग हॉस्पिटल, मग रिहॅब. डावी बाजू गेली, बोलणं अडखळतं. डोकं मात्र शाबूत, म्हणजे इतरांच्या चुका काढण्याइतकं शाबूत.

माझं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपलं, दुसरं अजून मिळालेलं नाही. त्यामुळे "तू घरीच आहेस ना, चारू" एवढ्या एका वाक्यात माझी नेमणूक झाली. माझा नवरा राज ते फार प्रेमाने म्हणाला. बिनपगारी कामं माणसाला नेहमी प्रेमानेच देतात.

मुख्य अडचण गिळण्याची आहे. पातळ काही दिलं की ते फुप्फुसात उतरतं. म्हणून पाण्यातसुद्धा पावडर घालून ते दाट करायचं आणि जेवण सगळं मिक्सरमधून काढायचं. वरण, भात, दुधी, सगळ्यांचा शेवटी एकच रंग होतो, ओल्या सिमेंटचा. अप्पा दोन चमचे घेतात आणि ओठ मिटतात. मग मी चमचा घेऊन उभी. ते छताकडे बघतात, मी त्यांच्याकडे.

रिहॅबच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, वजन असंच उतरत राहिलं तर थँक्सगिव्हिंगच्या आत पोटात नळी. राज तयार आहे. नणंदबाई नीना कॅलिफोर्नियातून फोनवर तयार आहेत. अप्पांना कुणी विचारलेलं नाही. विचारायचं कुणी, यावर अजून मीटिंग व्हायची आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला म्हणून मंडळाचे लोक येऊन गेले. प्रत्येकाने अप्पांच्या पायाला हात लावला आणि प्रत्येकाने नारळाची गोष्ट सांगितली. ती मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. ऐंशीच्या दशकात अप्पांनी मंडळात स्लाइड-शो करून नारळ म्हणजे हार्ट अटॅक असं जाहीर केलं. त्यांच्या शब्दाला एवढं वजन, की त्या वर्षापासून न्यू जर्सीतल्या मराठी घरांत नारळीभात बंद, ओल्या खोबऱ्याच्या करंज्या बंद, गणपतीच्या मोदकात खवा. स्वतः अप्पा राजापूरकडचे, म्हणजे नारळाच्या आळ्यातच वाढलेले. सासूबाई नागपूरच्या, आता नाहीत, पण त्यांना या बंदीचं काडीचंही दुःख झालं नव्हतं. मी सोलापूरची. आमच्याकडे नारळ देवापुढे फोडायचा आणि रोजच्या जेवणात दाण्याचा कूट. त्यामुळे पाध्यांच्या घरात पुढे कुणी बंड केलं नाही.

सगळे गेल्यावर संध्याकाळी एक बाई आल्या. बुटक्या, ताठ, पांढरे केस, पायात नर्सचे पांढरे बूट, निवृत्तीनंतरही. टेसी सांतोस. अप्पांच्या कार्डिअॅक युनिटच्या हेड नर्स होत्या, मूळच्या फिलिपिन्सच्या, आता बर्गनफील्डला एकट्या राहतात. हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी गरम आणि आइसक्रीमचा एक प्लॅस्टिकचा डबा.

"मिसेस सांतोस," अप्पा म्हणाले. स्पष्ट म्हणाले. रिहॅबपासून एवढा धड शब्द मी ऐकला नव्हता.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं एकत्र काम करून अजून डॉक्टर आणि मिसेस सांतोस. जुन्या माणसांचं मला कौतुक वाटतं. आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात लोक एकमेकांच्या घटस्फोटाबद्दल बोलतात.

पान उघडल्यावर खोलीभर धुराचा, नारळाचा, करपलेल्या केळीच्या पानाचा वास पसरला. तांदळाचा केक. बिबिंका म्हणतात त्याला. आणि अप्पांनी तोंड उघडलं. जे तोंड मी पाच दिवस विनवण्या करून उघडू शकले नव्हते ते त्यांनी आपणहून उघडलं.

बाईंनी पुडा उचलून सरळ माझ्या किचनच्या ओट्यावर नेऊन ठेवला. "हे घरच्यांसाठी आहे, डॉक्टर. तुमच्या घशात अडकेल. हे तुम्हीच मला शिकवलंत." मग खुर्ची पलंगापासून जरा लांब ओढून बसल्या. टीव्ही लावू का म्हणून मी विचारलं तर दोघांनीही नको म्हटलं.

त्या गेल्यावर मी उभ्या उभ्या तीन तुकडे खाल्ले. अप्पा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "धोंडस." मला काही कळेना. मग एकेक शब्द जोडत त्यांनी सांगितलं. आई. तवसं, म्हणजे मोठी काकडी. गूळ, तांदळाच्या कण्या, नारळ. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. सांगता सांगता दम लागला, पण थांबले नाहीत.

डब्यातलं मी राजला दिलं. नारळाच्या दुधातलं रताळं, फणस, केळं, साबुदाणा आणि तांदळाचे चिकट गोळे. त्याला म्हणे गिनाताआन म्हणतात. राजने चव घेतली आणि म्हणाला, सॅच्युरेटेड फॅट. खानदानी आहे हा.

१६ ऑक्टोबर

मनात आलं, रताळं आणि नारळाचं दूध, त्यात काय रॉकेट सायन्स आहे. इंडियन स्टोअरमधून डबा आणला. अप्पांच्या शब्दाचा मान राखायचा म्हणून 'लाइट' आणला. रताळं उकडून त्यात घातलं, खळखळून उकळी काढली, दूध फुटलं, वर तेलाचे डोळे आणि खाली पाणी. मिक्सरमधून काढलं, पावडर घातली, चमचा नेला.

अप्पांनी तोंडात घेतलं आणि टॉवेलवर काढून ठेवलं. अत्यंत सभ्यपणे. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं पूर्वी चुकीचा ईसीजी आणणाऱ्या रेसिडेंटकडे बघत असतील.

मला राग आला. उद्या परत सिमेंट.

२५ ऑक्टोबर

वजन आणखी उतरलं. नळीसाठी तारीख मिळाली, बावीस नोव्हेंबर. राजने ती फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिली, दिवाळीच्या खाली. नीना फोनवर रडली आणि मग म्हणाली, आय फील सो रिलीव्हड. राज संध्याकाळभर बापाजवळ बसला. दोघांनी फुटबॉल बघितला. राजचं मराठी जेवणापुरतं आणि अप्पांचं इंग्रजी हल्ली हॉस्पिटलपुरतं, त्यामुळे बोलणार काय. तारखेबद्दल त्याने सांगितलं नाही. कॅलेंडर पलंगावरून दिसतं, हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

३ नोव्हेंबर

टेसीबाईंना फोन केला. डॉक्टरांसाठी काहीतरी करून द्याल का म्हणून विचारलं. सरळ नाही म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, तुम्हाला शिकायचं असेल तर या, ते तुमच्यासाठी.

आज गेले. त्यांचा आइसक्रीमचा डबा परत करायचा होता, त्यात दिवाळीचा चिवडा भरून नेला. छोटं नीटनेटकं घर, दाराशी चपला, अगदी आपल्यासारखं. किचनमध्ये नारळ खोवायला बैठी खवणी, घोड्यासारखी, त्यावर बसायचं आणि पुढच्या दातेरी पात्यावर वाटी फिरवायची. माझ्या सासरच्या गावाला हीच होती, फक्त इथे तिच्यावर उशी शिवून घातलेली.

त्यांनी डबा हातात घेतला, जड लागला म्हणून उघडला, आणि उघडून बराच वेळ आत बघत राहिल्या.

"तुम्ही भरून आणलात," त्या म्हणाल्या.

म्हटलं, आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्या म्हणाल्या, आमच्यातही नाही.

मग खोबरं पिळता पिळता त्यांनी सांगितलं. युनिटमध्ये दर शुक्रवारी त्या सगळ्यांसाठी जेवण आणायच्या, अळूची पानं नारळाच्या दुधात, कधी गिनाताआन, कधी बिबिंका. नारळाचे शत्रू डॉ. पाध्ये कोपऱ्यात बसून दोनदा वाढून घ्यायचे. उरलेलं त्या डब्यात घालून त्यांच्याबरोबर घरी द्यायच्या, मिसेस पाध्येंसाठी. सोमवारी डबा परत यायचा. घासलेला, पुसलेला, रिकामा. कितीतरी वर्षं.

"मला कळत होतं त्या काय सांगतायत," टेसीबाई म्हणाल्या. "मी थांबले नाही."

सासूबाई माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्या बाईने कामवालीचंसुद्धा भांडं कधी रिकामं धाडलं नाही. शेजारच्या अमेरिकन म्हातारीची केकची ताटलीसुद्धा शंकरपाळे भरून परत. म्हणजे हा शुद्ध नागपुरी अबोला होता, स्टीलच्या घासणीने घासलेला. एका नारळाच्या खिरीवरून एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, मला तर कळत नाही. स्वयंपाकाच्या बाबतीत त्या हळव्या होत्या, हे खरं.

"शेवटी एकदा मात्र त्यात साखर होती," टेसीबाई म्हणाल्या. "त्या आजारी पडल्या त्या वर्षी. नुसती साखर, चमचाभर. चुकून राहिली असेल म्हणून मी नळाखाली धुऊन टाकली."

मी म्हटलं, ती चुकून नव्हती. द्यायला घरात काही नसलं, करायची ताकद नसली, तर आमच्यात चिमूटभर साखर घालतात. भांडं रिकामं जाऊ नये म्हणून.

त्यांचे हात खोबऱ्यात तसेच राहिले. मग पाठ फिरवून त्यांनी गॅस लावला आणि गॅसकडे बघत मला शिकवलं. पिळून काढलेलं पहिलं दूध बाजूला ठेवायचं. चोथ्यात गरम पाणी घालून दुसरं, पातळ दूध काढायचं, सगळं शिजवायचं त्या पातळ दुधात. पहिलं दूध अगदी शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही. आवाज घोगरा झाला होता. खोबरं पिळणं तसं दमवणारंच काम आहे.

निघताना डबा परत माझ्या हातात दिला. आत पहिलं दूध होतं.

५ नोव्हेंबर

रताळं, पिकलं केळं, फणस आणि साबुदाणा, शिजवून चाळणीतून गाळलं. तांदळाचे गोळे नाहीत. पहिलं दूध शेवटी. पावडर लागली नाही, ते मूळचंच दाट.

अप्पांनी वास घेतला. तोंड उघडलं. हनुवटी खाली घेऊन गिळायचं, हे मला आता पाठ आहे. एक चमचा, वाट बघायची, कंठ हलला की दुसरा. अर्धी वाटी गेली. मध्येच मला म्हणाले, "मीठ." गोडात चिमूटभर मीठ विसरले होते. नारळावर बंदी घालणाऱ्या माणसाने माझ्या गोडात मीठ नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा मला हसू आलं आणि ते आवरेना, मग हसता हसता डोळे भरले. कांद्याशिवाय असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

तेवढ्यात त्यांना खोकला लागला. ओला, आतून येणारा. राज वरून मीटिंग टाकून धावत आला. चेहरा लालसर, मग निळसर, मग पूर्ववत. राजने माझ्या हातातली वाटी घेतली आणि सिंकमध्ये ओतली.

"चारू, आर यू ट्राइंग टू किल हिम?"

सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने मला एवढं स्पष्ट कधी काही विचारलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

मीटिंग झाली. डॉक्टरीणबाई घरी आल्या, नीना स्क्रीनवर होती. राजने टेसीबाईंनाही बोलावलं. मला वाटलं, ही कुठली हुशारी, ती बाई अप्पांच्या बाजूने बोलणार. पण राज माझ्यापेक्षा हुशार निघाला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रस्ते नीट मांडले. नळी घातली तर पोषण मिळेल, काही महिने मिळतील, कदाचित जास्त. नाही घातली तर हाताने थोडं थोडं भरवायचं, आवडीचं द्यायचं आणि कधीतरी न्यूमोनिया होणार हे धरून चालायचं. बाई सज्जन. हे सगळं त्यांनी अप्पांकडे बघून सांगितलं. इतक्या दिवसांत असं करणारी पहिली व्यक्ती.

राजने टेसीबाईंना मत विचारलं. त्या उठून उभ्या राहिल्या, राउंडवर राहतात तशा, हात मागे.

"नळी घाला," त्या म्हणाल्या. "वर्षभर तरी मिळेल."

मला धक्काच बसला. पहिलं दूध देणारी ही बाई. अप्पांनी मान वळवली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"वर्ष," अप्पा म्हणाले, "कुणाला?"

टेसीबाई खाली बसल्या. खरं म्हणजे प्रश्न नीट जुळत नव्हता. स्ट्रोकमध्ये शब्द असे इकडेतिकडे होतात, थेरपिस्टने सांगितलंच होतं.

मग अप्पांनी राजला जवळ बोलावलं. चांगल्या हाताने त्याची बाही धरली.

"नळी नको."

"अप्पा, यू आर गिव्हिंग अप."

"नाही रे. मला भूक लागलीय."

अप्पा इंग्रजीत म्हणाले, न्यूमोनिया होईल, मला माहीत आहे, होऊ दे. आणि मग परत मराठीत, लहान मुलाला सांगावं तसं हळू, म्हणजे राजला कळेल असं: "खायचंय मला, राज. तोंडाने."

स्क्रीनवर नीनाने कॅमेरा बंद केला. राजने बापाचा हात सोडवून घेतला नाही, पण हो-ही म्हणाला नाही. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशंटने निर्णय दिला आहे.

संध्याकाळी राजने फ्रिजवरची लाल तारीख खोडली. खोडताना पेन कागदातून आरपार गेलं.

२६ नोव्हेंबर

रोज एक वाटी. कधी अर्धी. बुधवारी अळू, पालकासारखं बारीक वाटून, दुसऱ्या दुधात तासभर मंद शिजवलेलं, नाहीतर घसा खाजतो. शनिवारी धोंडस करून बघितलं. ओव्हनमध्ये खालून आच दिली, मग वरून ब्रॉइलर, आणि मऊ भाग तेवढा दुधात कुस्करून भरवला. अप्पांनी डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाले, गूळ जास्त. सासूबाई माझ्या हातचं कधी खाल्लं की एवढंच म्हणायच्या. या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

मंडळाच्या एक काकू येऊन म्हणाल्या, अगं, डॉक्टरसाहेबांना नारळ? मी म्हटलं, काकू, आता हार्टची काळजी नाही.

टेसीबाई दर शुक्रवारी येतात. नारळ त्याच आणतात, त्याच खोवतात, पिळून दूध माझ्या हातात देतात. पण भरवायची वेळ आली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीशी जाऊन उभ्या राहतात, पाठमोऱ्या. गेल्या वेळी मी म्हटलं, आज तुम्ही भरवा ना, त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, मी नाही. माझ्या हातून नाही.

नर्स लोक लायबिलिटीला किती घाबरतात. निवृत्त झाल्यावरसुद्धा.

अप्पा खोकतात तेव्हा त्या खिडकीची चौकट धरतात.

७ डिसेंबर

ताप आला. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच. राजने कुणालाही, मलाही, काही म्हटलं नाही. मी वाट बघत होते, म्हणाला असता तर बरं झालं असतं. हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत घरी येणारी, नर्स औषधं देऊन गेली. नीना उद्याच्या फ्लाइटने येतेय. गिळणं थांबलंय. काडीच्या टोकाला गुलाबी स्पंज असतो, तो ओला करून ओठांवर फिरवायचा, एवढंच उरलं. राज ते करतो. त्याला ते छान जमतं. एवढ्या जवळून बापाचा चेहरा त्याने कधी बघितला असेल असं वाटत नाही.

आज कशावरच काही सुचत नाही.

१० डिसेंबर

नीनाने सीलबंद गंगाजल आणलंय, ते ओठांना लावलं. अप्पांचा श्वास मधे मधे थांबतो, मग पुन्हा सुरू होतो, आणि तो थांबला की आमचे तिघांचेही थांबतात.

दुपारी टेसीबाई आल्या. आज शुक्रवार नव्हता. कोटाच्या आत धरून आणलेली झाकणाची वाटी, आत पहिलं दूध, अजून कोमट. नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिली. म्हणाल्या, तुम्ही लावा.

मी वाटी घेतली. पण राज पलंगाजवळच्या खुर्चीवरून उठला. दोन महिने ती त्याची आणि माझी खुर्ची होती. त्याने ती टेसीबाईंच्या दिशेने वळवली, माझ्या हातातली वाटी घेऊन त्यांच्या हातात दिली, आणि गुलाबी स्पंजची काडी पुढे केली.

"टेसी मावशी," तो म्हणाला, "प्लीज."

मंडळातल्या प्रत्येक बाईला तो लहानपणापासून मावशी म्हणत आलाय. या बाईला पहिल्यांदा म्हणाला.

त्या उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता परत खिडकीशी जातील. मग बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. स्पंज दुधात बुडवून वाटीच्या कडेला निथळवला आणि अप्पांच्या खालच्या ओठाला लावला, आणि अप्पांचे ओठ त्याभोवती मिटले.

"ही इज ईटिंग," राज म्हणाला.

"रिफ्लेक्स आहे," टेसीबाई म्हणाल्या. "तो अगदी शेवटपर्यंत राहतो." आणि स्पंज पुन्हा दुधात बुडवला.

त्यांनी अप्पांना एकदाही हाक मारली नाही, ना डॉक्टर ना दुसरं काही. नीना रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. राज पलंगाच्या कठड्याला धरून उभा होता. खोलीत नारळाचा वास होता आणि स्पंज निथळल्याचा बारीक आवाज येत होता, ओठांशी, वाटीशी, पुन्हा ओठांशी.

अप्पा नेमके कधी गेले ते आम्हा तिघांपैकी कुणालाच कळलं नाही. टेसीबाईंना कळलं असणार. पूर्ण आयुष्य नर्स म्हणून गेलंय त्यांचं. पण वाटीतलं दूध संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.